मुंबईच्या वाटीतले चिंचोके

मी रेडिओ बोलतोय. त्यात नवल ते काय, रेडिओ बोलणारच, असं तुम्ही म्हणाल. पण जन्मभर मी बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. बाजारभाव दुसऱ्यांचे, भजनं दुसऱ्यांची, आणि बातम्या कुणाच्या ते तर विचारूच नका. स्वतःचं सांगायला आज पहिल्यांदाच बसलो आहे, तेव्हा थोडं मागेपुढे होईल. सांभाळून घ्या.

मी जुन्या व्हॉल्वच्या जमान्यातला. बटण दाबलं की लगेच तोंड उघडायचं, ही हल्लीच्यांची सवय मला नाही. आधी पोटातल्या काचेच्या नळ्या तापायच्या, मग कपाळावरचा हिरवा डोळा उघडायचा आणि मग कुठे आवाज फुटायचा. अंगावर सागवानी पेटी, तोंडावर सोनेरी धाग्याचं कापड. मी देखणा होतो हे मलाच सांगावं लागतंय, कारण ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

माझं पहिलं घर खोताच्या वाडीत. मालक पीटर अंकल. रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी हॉकीचं मैदान, या दोन ठिकाणी त्यांचं सगळं आयुष्य गेलं. तरुणपणी खेळले, गुडघे गेल्यावर पंच झाले, आणि शिट्टी फुंकायचाही दम उरला नाही तेव्हा माझ्यासमोर वेताच्या खुर्चीत बसून सामने ऐकू लागले. माझ्याशी भांडायचेसुद्धा. "ऑफसाइड होता रे तो," असं मलाच दरडावून सांगायचे.

त्यांचं वसईला मुलीकडे राहायला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी एका पोरगेल्या माणसाला बोलावून घेतलं. हा दत्तू. परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर, आणि वर्कशॉपच्या संघात लेफ्ट फुलबॅक. त्याचा खेळ अंकलनी पंच म्हणून वर्षानुवर्षं पाहिला होता.

"हा तू घेऊन जा," अंकल माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "मुलीच्या घरी आहे एक. दोन कशाला?"

"अंकल, आमच्या खोलीत वीज येऊन वर्ष पण नाय झालं," दत्तू म्हणाला.

"मग बरोबर वेळेला जातोय तो. रेडिओचं लायसन दर वर्षी भरायला विसरू नको. आणि एक सांगतो. बोलणारा चुकला तर ह्याला शिव्या देऊ नको. हा बिचारा पोस्टमन आहे."

ते वाक्य पुढे मला फार वेळा आठवलं.

चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन दत्तूनं मला ट्राममधून परळला आणलं. आत कोंबड्या आहेत का, असं कंडक्टरनं विचारलं, तेव्हा मला बराच राग आला होता.

भोईवाड्याच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गमऱ्यांच्या खोलीत माझी स्थापना झाली. ते छप्पन्न साल. मुंबई कुणाची, या एका प्रश्नावर तेव्हा सगळं शहर पेटलेलं होतं. चाळीच्या भिंतींवर गेरूनं लिहिलेल्या घोषणा, गॅलरीत पत्रकांचे गठ्ठे, आणि सात वाजले की बातम्या ऐकायला माझ्यासमोर ही गर्दी. खोताच्या वाडीत एका माणसाची सवय झालेला मी. इथे एका वेळी तीस माणसं मला ऐकायची आणि त्यातली दहा माझ्याशी वाद घालायची.

घरात तिघं. दत्तू, त्याची आई पुतळाबाई आणि बाप लहू. पुतळाबाईचं आणि माझं पहिल्या आठवड्यातच वाजलं. माझी एरियलची तार गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली होती. एवढी सरळ तार रिकामी ठेवणं पुतळाबाईच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिनं तीवर लुगडं वाळत घातलं की माझ्या घशात खरखर सुरू. दत्तू ओरडायचा, ती लुगडं काढायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायची.

लहूची गोष्ट वेगळी. तो कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता. शेकडो साचे एकदम खडखडतात अशा ठिकाणी त्यानं सत्तावीस वर्षं काढली होती. तिथली माणसं एकमेकांशी हातांनी आणि ओठांनी बोलतात. लहूचा डावा कान कधीच गेला होता, उजवा जाण्याच्या वाटेवर होता. मला ऐकायचं तर तो पाटावर माझ्याशेजारी बसायचा आणि उजवा कान थेट माझ्या सोनेरी कापडाला टेकवायचा. त्याच्या केसांच्या खोबरेल तेलानं माझ्या कापडावर डाग पडला. आधी मला त्याची किळस वाटली. मी देखणा होतो ना.

त्याच सालच्या डिसेंबरात एका दिवशी मी बाबासाहेब गेल्याची बातमी सांगितली. लहूला नीट ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हनतो तो?" असं त्यानं पुतळाबाईला दोनदा विचारलं. तिनं सांगितलं नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्यानं माझ्या कापडावरून कान काढून घेतला. त्या दिवशी मला माझ्या आवाजाची लाज वाटली. पोस्टमनसुद्धा कधीकधी पत्र न देता परत जात असेल. मला तेवढीही सोय नव्हती.

अठ्ठावन्न साली दत्तूची राष्ट्रीय स्पर्धेसाठी मुंबईच्या संघात निवड झाली. भोईवाड्यातून कुणी हॉकी खेळायला मुंबईबाहेर जाण्याची ती पहिलीच वेळ. दत्तूला पहिली स्टिक कशी मिळाली ते लहूनं तेव्हा येईल त्याला ऐकवलं. साच्यात धोटा फेकणारा एक लाकडी दांडा असतो, चिवट लाकडाचा. तसा एक मोडका दांडा भंगारातून मागून त्यानं घरी आणला होता, आणि त्याला खाली वाकडा तुकडा ठोकून पोराच्या हातात दिला होता. ही हकिगत मी इतक्या वेळा ऐकली की मला ती बातम्यांसारखी पाठ झाली.

उपांत्य सामना उत्तरेतल्या एका शहरात, तिथल्याच संघाशी होता. त्याच्या उत्तरार्धाचं धावतं वर्णन सगळ्या देशाला ऐकवणार होते. त्या दुपारी गमऱ्यांच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. लुगडं सकाळीच काढून ठेवलेलं. लहूनं पाळी बदलून घेतली होती. कान माझ्या कापडाला लावून तो म्हणाला, "पोराचं नाव एकदा ह्या कानानं ऐकलं, की मग हा पन गेला तरी चालंल."

शेजारच्या खोलीतली गुणवंती पालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. पोरांना बेरीज शिकवायला तिच्याकडे चिंचोक्यांची पिशवी असे. ती पिशवी आणि दोन वाट्या घेऊन ती पुढ्यात बसली. त्यांच्या खेळाडूचं नाव आलं की एका वाटीत चिंचोका, मुंबईच्या खेळाडूचं आलं की दुसऱ्या वाटीत.

मी बोलू लागलो. म्हणजे तो बोलू लागला. आवाज काय सुरेख होता त्याचा. त्यांच्या प्रत्येक खेळाडूचं नाव तो घरच्या माणसासारखं घेत होता. हा कुणाचा धाकटा भाऊ, त्यानं कोणत्या कॉलेजात नाव काढलं, सगळं. पण चेंडू मुंबईकडे आला की नावं संपायची. "बंबई के हाफबैक", "बंबई के फॉरवर्ड", "गेंद अब बंबई के पास". एका वाटीत चिंचोके टपटप पडत होते आणि दुसरी वाटी गुणवंतीच्या मांडीशी जवळजवळ रिकामीच पडून होती.

शेवटची पाच मिनिटं राहिली. त्यांचा एक फटका गोलकीपरला चुकवून आत चालला होता, आणि तो सुरेख आवाज ओरडला, "बंबई के किसी खिलाड़ी ने गेंद गोल-रेखा से बाहर निकाल दी।"

"कुनी काढला?" लहूनं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? नाव माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. माझ्या पोटात असतं तर मी ते नळ्या फुटेपर्यंत ओरडलो असतो.

मुंबई एका गोलनं हरली. गुणवंतीनं वाट्या पुढे केल्या. त्यांची वाटी काठापर्यंत भरलेली. मुंबईच्या वाटीत चार चिंचोके, त्यातले तीन कप्तानाचे. लहूनं त्या चारांकडे बराच वेळ पाहिलं. नंतर तो माझ्यावर रागावला नाही, हे मी विसरलेलो नाही. त्यानं फक्त बटण बंद केलं.

चार दिवसांनी दत्तू परत आला. पिशवी खाली ठेवायच्या आत बापानं विचारलं, "तो गोल कुनी वाचवला रं? शेवटचा?"

"मीच होतो," दत्तू म्हणाला. "का?"

मग चाळीत पंचायत बसली. खालच्या मजल्यावरचे शामराव मुंबईसह महाराष्ट्रासाठी लढणाऱ्या समितीचं काम करायचे. मोर्चा असो वा सभा, शामराव पुढे. ते हातात कागद घेऊनच आले होते. "आज नाव घेत नायत, उद्या मुंबई घेतील. असा तिखट मजकूर लिहितो की तिकडं वर बसलेल्यांच्या खुर्च्या हलल्या पायजेत. मराठी पोराचा अपमान म्हंजे महाराष्ट्राचा अपमान."

दत्तूनं बुटाच्या नाड्या सोडता सोडता मान हलवली. "शामराव, आमच्यातल्या आठ जणांना मराठी नीट येत नाय. बेनेडिक्ट गोव्याचा, याकूब मदनपुऱ्याचा, हरदीपचं घर सायनला. त्यांची पन नावं घेतली नायत. तो बोलणारा काय दुश्मन नव्हता. त्यांची यादी त्याच्या हातात होती. आमची त्यानं मागितली नाय, आनि आमच्यातून कोन द्यायला गेला नाय. पन अकरा जण मुंबई म्हनूनच खेळलो ना? मग मागायची तर अकराची नावं मागा. माझं एकट्याचं नको."

शामराव जरा वरमले. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. लहूला हे सगळं गुणवंतीनं कानात मोठ्यानं सांगितलं. तो म्हणाला, "मोर्च्याला मी येतो शामराव, बोलवाल तेवा येतो. पन हितं मला भांडन नको. नाव पायजे."

लिहायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. खेळांच्या वर्णनाचं खातं कुठे असतं, त्याचा पत्ता काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे पुतळाबाईनं तोंड उघडलं. "त्यात काय? रविवारी गानी लावतात ना, त्यांना लिवा. तितं दर खेपेला नवी नावं वाचतात. कुठल्या कुठल्या गावच्या लोकांची वाचतात, मग आपल्या पोरांची काय जड हायेत?"

"काकी, तो गाण्यांच्या फर्माइशीचा कार्यक्रम आहे," गुणवंती म्हणाली. "त्याचा नि हॉकीचा काय संबंध?"

"नावं वाचतो तो मानूस. म्हंजे नावं वाचायचं कामच त्याचं हाय."

सगळे हसले. पण दुसरा पत्ता नव्हता, हेही खरं. शेवटी दत्तूनं एका चिठोऱ्यावर अकरा नावं लिहून दिली, स्वतःचं सर्वांत शेवटी. गुणवंतीनं ती मुंगीच्या अक्षरात पोस्टकार्डावर उतरवली. वर मजकूर असा: 'आमची फर्माईश गाण्याची नाही. राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या मुंबईच्या अकरा खेळाडूंची नावं एकदा रेडिओवर वाचावीत. त्या दिवशी ती वाचायची राहून गेली. कृपया सावकाश वाचावीत, कारण ऐकणाऱ्यांपैकी एकजण साचेखात्यात कामाला आहेत.' दत्तूनं आपलं नाव नुसतं 'दत्तू गमरे' लिहिलं होतं. गुणवंतीला शाळेच्या हजेरीपटाची सवय. तिनं ते पूर्ण केलं.

पहिला रविवार गेला. गाणी झाली, नावं झाली, आमची नाहीत. दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी लोक यायचे थांबले. शामराव जिन्यातून जाता जाता म्हणाले, "तुमच्या कार्डाचा भजीवाल्यानं द्रोण केला असंल." लहू मात्र दर रविवारी अंघोळ करून, केसांना तेल लावून पाटावर येऊन बसायचा. मला एक गोष्ट कळत होती ती घरात कुणाला कळली नव्हती. तो कान दर आठवड्याला माझ्यावर जास्त जोरानं दाबत होता. आवाजाचं बटण आता शेवटपर्यंत फिरवलेलं असायचं.

पाचव्या रविवारी दत्तू वर्कशॉपच्या सामन्याला गेला होता. घरात दोघंच. पुतळाबाईची आशा सुटली होती, आणि आशा सुटल्यावर तिनं काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. ओलं नऊवारी लुगडं, अख्खंच्या अख्खं, माझ्या तारेवर.

दोन गाणी मी खरखरतच म्हटली. मग निवेदक म्हणाला, "पुढचं पत्र परळ-भोईवाड्याहून आलं आहे. अशी फर्माईश आमच्याकडे आजवर आलेली नाही. हे श्रोते गाणं मागत नाहीत, नावं मागत आहेत. आणि ती सावकाश वाचायला सांगतात." त्यानं घसा साफ केला. "बेनेडिक्ट परेरा."

याकूबचं नाव अर्धं माझ्या खरखरीत गेलं. हरदीपचं सगळंच गेलं. "अवो, आपली नावं लागली," असं म्हणत पुतळाबाई उठली, भांड्याला धडकली आणि गॅलरीत धावली. ओलं लुगडं ते, तारेला चिकटून बसलेलं, निघता निघेना. आत नावं चाललीच होती. सहावं, सातवं. लहूचा कान माझ्या कापडात रुतला होता आणि डोळे घट्ट मिटलेले होते. आयुष्यात मी कशासाठी एवढा जीव तोडला नसेल. बाहेर लुगडं फाटल्याचा टर्रकन आवाज झाला, आणि माझा गळा मोकळा झाला.

नववं नाव स्वच्छ आलं. दहावंही आलं. मग निवेदकानं एक श्वास घेतला.

"दत्तू लहू गमरे."

एकेक शब्द सुटा, स्पष्ट. मी तो होता तसा पोचवला. पुढे निवेदक म्हणाला की ही अकरा नावं वाचून झाली, आता त्या सर्वांसाठी एक गाणं आमच्यातर्फे. गाणं कोणतं लागलं ते मला आठवत नाही.

पुतळाबाई दारात उभी होती, खांद्यावर फाटकं लुगडं. "आयकलंव?" तिनं हातानंच विचारलं.

लहूनं डोळे उघडले. मग हळूच म्हणाला, "माझं पन घेतलान."

गावी त्याला कुणी लहू म्हटलं नव्हतं. लह्या म्हणायचे, तेही लांबून. गिरणीत तर तो नुसता नंबर होता. एकोणतीस वर्षं हजेरीला नंबर, पगाराला नंबर. आणि आता सगळ्या मुंबई इलाख्याला ऐकू जाईल असं त्याचं नाव कुणीतरी नीट, पूर्ण, सावकाश उच्चारलं होतं. त्याला आनंद झाला असेल असं मला वाटलं. पण तो घाबरल्यासारखा दिसत होता.

दुपारी दत्तू आला तेव्हा लहू त्याची वाटच पाहत होता. अपराध्यासारखा उठून उभा राहिला. "दत्तू, नाव वाचलानी. सगल्यांची वाचली. पन तुज्या नावात माझं बी आलं रं. मास्तरनीनं लिवलं वाटतं. मी कुठं खेळलो? उगाच तुज्यात वाटा घेतला."

दत्तूनं स्टिक कोपऱ्यात टेकवली. बापाच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाला, "बाबा, पहिली स्टिक कोनी दिली?"

लहूनं कोपऱ्यातल्या स्टिककडे पाहिलं.

"मग बरोबरच वाचलं त्यांनी," दत्तू म्हणाला, आणि हातपाय धुवायला मोरीत गेला. लहू पाटावर बसला. त्यानं माझ्या कापडावरून हात फिरवला, जिथे तो कान टेकवायचा तिथे. त्या डागाची किळस मला त्या दिवसापासून कधी वाटली नाही.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत त्या सुरेख आवाजानं पहिली दहा मिनिटं मुंबईची नावं घेतली, आणि मग गडी पुन्हा 'बंबई'वर आला. खोटं कशाला सांगू? तरी त्या वर्षी मुंबईच्या वाटीत एकोणीस चिंचोके पडले. गुणवंतीनं ते सगळ्यांना दाखवले.

साठ सालच्या मे महिन्यात मुंबईसह महाराष्ट्र झाल्याचं मीच सांगितलं. चाळीत साखर वाटली, शामराव लहान पोरासारखे रडले. लहूला तोवर काहीच ऐकू येत नव्हतं. त्यानं माझ्या पेटीवर तळवा ठेवला, लाकडाची थरथर पाहिली, आणि "झाला ना?" असं पुतळाबाईला विचारलं. तिनं मान डोलावली. तो हसला आणि तळवा तसाच ठेवून बसला.

आता त्यातलं कुणी नाही. चाळ गेली, तिथे उंच इमारत आली. दत्तूची नात पद्मजा नवव्या मजल्यावर राहते. तिच्या भिंतीवर टीव्ही आहे आणि मी त्याच्याखाली, शोभेचा. हॉकीचा सामना असला की ती बघते. आता खेळाडूंच्या पाठीवरच नावं छापलेली असतात. तरी कॅमेरा त्याच त्या दोघातिघांभोवती फिरायला लागला की ती पुटपुटते, "अरे, त्या मागच्या पोरीला पण दाखवा की. कुठल्या गावची आहे ती?" मी खाली गप्प बसून ऐकतो. तिला चिंचोके ठाऊक नाहीत, पण मोजणं तिच्यात आलं आहे.

गेल्या आठवड्यात तिनं हेरंब नावाच्या कारागिराला बोलावलं. तो जुन्या रेडिओंच्या पोटात नवी यंत्रं बसवून देतो, म्हणजे मोबाइलमधली गाणी आमच्या तोंडून वाजतात. त्यानं मला उघडून पाहिलं. "व्हॉल्व गेलेत, सगळं काढावं लागेल. आणि मॅडम, कापड पण बदलतो. इथे केवढा तेलकट डाग आहे बघा." पद्मजा म्हणाली, विचार करून सांगते.

पद्मजा, म्हणून तर आज तोंड उघडलं. माझ्या पोटातलं सगळं खुशाल काढ. हिरवा डोळा मिटला तरी माझी तक्रार नाही. पुन्हा दुसऱ्यांचंच बोलायचं, तर मी आनंदानं बोलेन, कामच ते माझं. एवढंच कर, ते कापड राहू दे. तुझ्या पणजोबानं, लहू गमऱ्यानं, तिथे कान टेकून स्वतःचं नाव ऐकलं होतं.